दिबांचे साडेबारा टक्के आणि आपला वाटा

मैत्रिणींनो, आमच्या उरण-पनवेलच्या भागात ‘साडेबारा टक्के’ हे दोन शब्द लहान पोरांनाही पाठ असतात. लग्नाच्या बोलणीत मुलाचं शिक्षण, नोकरी विचारून झाली की एखादी मावशी हळूच विचारतेच, “साडेबाराचा प्लॉट मिळालाय का हो?” घाटावरून आलेल्या नव्या सुनेला याचा काही बोध होत नाही. ही बँकेच्या व्याजाची टक्केवारी, की परीक्षेतल्या मार्कांची? मग हळूहळू तिला कळतं, की घरामागची जी भातशेती एकेकाळी सासऱ्यांची होती आणि आता जिथे कंटेनरचे ट्रेलर उभे असतात, त्या शेतीचा हा परत मिळालेला तुकडा. सरकारने घेतलेल्या जमिनीतला इवलासा वाटा. पण तो वाटासुद्धा कुणी आपण होऊन दिलेला नाही. त्यामागे जासईच्या एका माणसाची अख्खी हयात आहे. त्यांचं नाव दिनकर बाळू पाटील. आम्ही सगळे त्यांना ‘दिबा’ म्हणतो.

२०२६ हे दिबांच्या जन्मशताब्दीचं साल. त्यांच्यावर भाषणं खूप होतात, बॅनर खूप लागतात. पण बायकांच्या पानावर त्यांच्याविषयी फारसं कुणी लिहीत नाही. राजकारण म्हटलं की आपण पान उलटतो ना! आज तेवढं उलटू नका. कारण त्यांनी आयुष्यभर जो एक प्रश्न लावून धरला, तो आपल्या घरातलाही प्रश्न आहे.

खाडीकाठचं गाव

जासई हे पनवेलहून उरणला जाताना लागणारं गाव. आगरी, कोळी, कराडी अशी ही वस्ती. भातशेती, खाडीतली मासळी आणि उरणच्या बाजूला मिठागरं, यांवर घरं चालायची. इथली बरीचशी शेती खाडीला बांध घालून मिळवलेली. मोठं उधाण आलं आणि बांधाला खांड गेली, की खारं पाणी शेतात शिरायचं, की सगळं पीक गेलं. मग गावच्या गाव चिखलात उतरून बांध घालायचं. त्यात बायका कमरेवर टोपली घेऊन पुढे असायच्या. थोडक्यात, इथली जमीन देवाने दिलेली नव्हती, माणसांनी समुद्राकडून ओढून आणलेली होती. तिच्यावरचा जीव कसा असेल, ते तुम्हीच बघा.

अशा गावात, एका शेतकरी घरात १३ जानेवारी १९२६ ला दिबांचा जन्म झाला. त्यांच्या लहानपणीचा हा सगळा पट्टा धगधगताच होता. जवळच्या चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० ला जंगल सत्याग्रह झाला आणि पोलिसांच्या गोळीबारात माणसं गेली. अलिबागकडे चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून खोतांच्या विरोधात संप पुकारला आणि तब्बल सहा वर्षं जमिनी ओस ठेवल्या. सहा वर्षं घरात भात नाही! लाकडाच्या मोळ्या विकून, करवंदं विकून त्या बायकांनी चूल पेटती ठेवली असणार. इतिहासात त्यांची नावं नाहीत, पण संप टिकला तो त्यांच्याच जोरावर. हा वारसा दिबांच्या वाट्याला आला.

शिकून ते वकील झाले. पनवेलला राहिले. शेतकरी कामगार पक्षाचा लाल बावटा त्यांनी तरुणपणीच खांद्यावर घेतला. पनवेलमधल्या त्यांच्या घराचं नाव होतं ‘संग्राम’. कुणी घराला ‘आशीर्वाद’ नाव देतं, कुणी ‘मातृछाया’. यांचं ‘संग्राम’! नावातच सगळं आलं.

विधानसभेत पाच वेळा

१९५७ ची निवडणूक संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेची. ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ या घोषणेने सगळं वातावरण भारलेलं होतं. त्या निवडणुकीत दिबा पनवेलमधून आमदार झाले. मग १९६२, १९६७, १९७२ आणि पुन्हा १९८०. पाच वेळा विधानसभा. १९७७ आणि १९८४ ला कुलाब्यातून लोकसभा. आणि एवढ्या मोठ्या काळात मंत्रिपदाची खुर्ची नाही. कायम समोरच्या बाकावर.

१९७२ ते १९७७ आणि पुन्हा १९८२-८३ असे दोनदा ते विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. १९७२ हे साल आठवतंय ना? आपल्या आया-सासवा अजून ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हणून सांगतात. सुकडी, मिलोची लाल ज्वारी, खडी फोडायला जाणाऱ्या बायका... त्याच काळात सभागृहात मृणालताई गोरेही निवडून आल्या होत्या. रस्त्यावर लाटणं मोर्चा आणि आत विरोधी बाकावरून प्रश्नांचा मारा, असे ते दिवस. पुढे १९७७ ला दिबा दिल्लीत गेले, तेव्हा मृणालताई आणि अहिल्याबाई रांगणेकरही त्याच लोकसभेत होत्या.

विरोधी पक्षनेता म्हणजे नुसता ओरडणारा माणूस, असा आपला एक समज आहे. टीव्हीवर बघून तो आणखी पक्का झालाय. पण जरा विचार करा. घरात सगळे “हो, हो” म्हणत असताना “हा खर्च कशाला?” असं विचारणारी एक बाई असते. ती कुणाला आवडत नाही, पण घर तिच्यामुळे वाचतं. सभागृहात ते काम विरोधी पक्षनेता करतो. याच खुर्चीवर १९७९-८० मध्ये आधी प्रभा राव आणि मग प्रतिभाताई पाटील या दोन बायकाही बसल्या होत्या, हे किती जणींना माहीत आहे? त्यातल्या प्रतिभाताई २००७ ला राष्ट्रपती झाल्या.

पंचाण्णव गावं

आता मूळ गोष्टीकडे येऊ. मुंबई भरून वाहायला लागली, तेव्हा खाडीपलीकडे नवं शहर वसवायचं ठरलं. त्यासाठी १९७० च्या मार्चमध्ये सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण या तीन तालुक्यांतल्या पंचाण्णव गावांची जमीन या नव्या शहरासाठी ठरली. कागदावर शहर फार सुंदर होतं. रुंद रस्ते, सेक्टर, बागा. पण त्या नकाशात ज्यांची शेतं होती त्यांनी काय करायचं?

कायदा होता इंग्रजांच्या काळातला, १८९४ चा. सार्वजनिक कामासाठी जमीन हवी म्हटलं की सरकारने नोटीस काढायची, भाव ठरवायचा, पैसे हातावर ठेवायचे आणि ताबा घ्यायचा. संपलं! शेतकऱ्याने ‘नाही’ म्हणायची सोयच नव्हती. आणि भाव ठरवायचा तो भातशेतीचा. त्याच जमिनीवर उद्या शहर होणार, तिची किंमत कितीतरी पटीने वाढणार, त्यातलं शेतकऱ्याला काहीच नाही.

पैसा हातात आला की काय होतं, ते आपण बायका चांगलं जाणतो. मुलीचं लग्न, घराचा स्लॅब, एक मोटारसायकल, थोडी उसनवारी... वर्षा-दोन वर्षांत पासबुक कोरं. शेत असतं तेव्हा निदान वर्षाचे तांदूळ घरचे असतात. अंगणात वाल, तोंडली असतात. बाईच्या हाताला काम असतं आणि त्या कामाला घरात मान असतो. शेत गेलं की सगळ्यात आधी रिकामी होते ती बाई. पुरुषाला कंपनीत हेल्परची, वॉचमनची नोकरी तरी मिळते. तिच्या वाट्याला मग शहरातल्या फ्लॅटमधली धुणीभांडी येतात. ज्या जमिनीची ती मालकीण होती, त्याच जमिनीवरच्या इमारतीत ती कामवाली बाई म्हणून जिना चढते. हे मी कुठल्या पुस्तकातलं सांगत नाही. आमच्या आजूबाजूच्या घरोघरी ही गोष्ट आहे.

दिबांचं म्हणणं साधं होतं. शहराला आमचा विरोध नाही. पण जमीन आमची, तर शहराच्या फायद्यात वाटाही आमचा. नुसते पैसे नकोत. घेतलेल्या जमिनीचा काही हिस्सा, रस्ते-गटार-वीज अशी सगळी सोय झालेला, आम्हाला परत द्या.

आज हे अगदी सरळ वाटतं. त्या वेळी ते सरकारच्या गळी उतरत नव्हतं.

जानेवारी १९८४

उरणच्या न्हावा-शेवा बंदराचं आणि सिडकोचं भूसंपादन जोरात सुरू झालं, तसा लोकांचा संतापही वाढला. १६ जानेवारी १९८४ ला जासईजवळ दास्तान फाट्यावर हजारो माणसं रस्त्यावर उतरली. त्यात बायकाही होत्या, कडेवर पोरं घेतलेल्या. दिबांचा अठ्ठावन्नावा वाढदिवस नुकताच तीन दिवसांपूर्वी झाला होता. जमिनीचा ताबा द्यायचा नाही, असं ठरलेलं. पोलिसांनी गोळीबार केला. दुसऱ्या दिवशी, १७ तारखेला, पागोट्याला पुन्हा गोळीबार झाला. दोन दिवसांत पाच माणसं गेली. नामदेव शंकर घरत, रघुनाथ अर्जुन ठाकूर, कमलाकर कृष्ण तांडेल, महादेव हिरा पाटील आणि केशव महादेव पाटील.

ही पाच नावं आमच्याकडे दरवर्षी १६ आणि १७ जानेवारीला घेतली जातात. जासईत आणि पागोट्यात हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते. हार घातले जातात, पुढारी बोलतात. पण मला दरवेळी वाटतं, त्या दिवशी पाच घरांत संध्याकाळी चूल पेटली नसेल, त्या घरच्या बायकांनी पुढची वर्षं कशी काढली असतील? आंदोलनाचा हिशोब करताना हा खर्च कुणी मांडतच नाही.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लोकसभेची निवडणूक आली. इंदिरा गांधींची हत्या होऊन दोन महिनेही झाले नव्हते. देशभर काँग्रेसची अशी लाट, की चारशेहून जास्त जागा आल्या. महाराष्ट्रात ४८ पैकी ४३ जागा काँग्रेसच्या! आणि त्या लाटेतसुद्धा कुलाबा मतदारसंघातून लाल बावट्याचे दिबा निवडून आले. माझ्या मते त्यांच्या सगळ्या कारकिर्दीतला हा सर्वांत मोठा सन्मान. जानेवारीत ज्यांनी गोळ्या खाल्ल्या, त्यांनी डिसेंबरमध्ये मतपेटीतून उत्तर दिलं.

एका एकराचे साडेतीन गुंठे

शेवटी ६ मार्च १९९० ला सरकारने निर्णय काढला. नवी मुंबईसाठी ज्यांच्या जमिनी घेतल्या, त्यांना संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची.

आता आपण स्वयंपाकघरातला हिशोब करू. एक एकर म्हणजे ४० गुंठे. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे ५ गुंठे. पण त्यातले पावणेचार टक्के सार्वजनिक सोयींसाठी कापले जातात. हातात येतात पावणेनऊ टक्के, म्हणजे साडेतीन गुंठे. एकरभर शेत दिलं, साडेतीन गुंठ्यांचा प्लॉट आला. कमीच की! पण शहरात साडेतीन गुंठ्यांना काय मोल असतं, ते सांगायला नको. ज्यांनी तो सांभाळला, त्यांची पुढची पिढी उभी राहिली. ज्यांनी वेळ निभावण्यासाठी बिल्डरला स्वस्तात दिला, त्यांच्या हाती फार काही राहिलं नाही. काहींची तर प्लॉटची वाट बघण्यातच उमर गेली. आणि ज्यांच्या नावावर जमीनच नव्हती, दुसऱ्याच्या शेतात राबत होते, मिठागरावर काम करत होते, त्यांच्या हाती असा साडेतीन गुंठ्यांचा प्लॉट आला नाही. हेही खरं तेच सांगायला हवं.

तरीसुद्धा या निर्णयाचं मोल मोठं आहे. जमीन घेतलीत, तर जमिनीतच वाटा द्या, हे तत्त्व मान्य झालं. पुढे नवी मुंबई विमानतळासाठी दहा गावं उठवायची वेळ आली, तेव्हा २०१४ च्या निर्णयात साडेबाराचे साडेबावीस टक्के झाले. देशाचा भूसंपादनाचा नवा कायदाही २०१३ च्या सप्टेंबरमध्ये संसदेत मंजूर झाला. शहर वसवायला जमीन घेतली तर वीस टक्के विकसित जमीन मूळ मालकांना देऊ करायची, असं त्यात लिहिलेलं आहे. हा कायदा बघायला दिबा नव्हते. २४ जून २०१३ ला ते गेले.

त्यांच्या कारकिर्दीत सगळं गोडच होतं असं नाही. पराभवही झाले. उतारवयात ज्या पक्षात आयुष्य काढलं तो सोडून ते शिवसेनेत गेले, त्याने जुने कार्यकर्ते दुखावले. आमच्याकडे अजूनही त्यावरून वाद होतात. पण जमिनीच्या प्रश्नावर दिबांनी बाजू बदलली, असं त्यांचा विरोधकही म्हणत नाही.

विमानतळाच्या नावासाठी जून २०२१ मध्ये इथल्या लोकांनी मानवी साखळी केली, सिडकोवर मोर्चा नेला. पुढच्या वर्षी राज्याने दिबांचं नाव मान्य करून ठराव केंद्राकडे पाठवला. ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन झालं. त्याआधी १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू आणि उरणची लोकल एकाच दिवशी सुरू झाले. आता मुंबई जासईच्या दारात आली आहे. नाव मोठं व्हायलाच हवं. पण मैत्रिणींनो, नावापेक्षा मला त्यांची शिकवण जास्त मोलाची वाटते.

सातबारावर लेक कुठे आहे?

आणि इथेच मला आपल्याशी बोलायचं आहे.

बचत गटाच्या कामामुळे मला घरोघरची कागदपत्रं बघायला मिळतात. साडेबाराची फाईल असली की वारसांचा प्रश्न येतो. आजोबा वारलेले, वडील वारलेले. वारस दाखला काढायचा तर त्यात मुलींची नावं येतातच, कायद्याने यावीच लागतात. मग एक दिवस सासरी फोन जातो. “ताई, जरा सहीला ये.” ताई येते. भाऊ गाडीभाडं देतो, वहिनी साडीचोळी करते, जेवणाला कोंबडी नाहीतर मासळी असते. आणि जेवण झाल्यावर हक्कसोडपत्रावर सही होते. कागद काय आहे, ते तिला कुणी वाचून दाखवत नाही. तीही विचारत नाही. विचारलं तर माहेर तुटेल ही भीती.

सरकारने शेतकऱ्याला हेच तर म्हटलं होतं! पैसे घे आणि गप्प बस. दिबांनी सांगितलं, नाही, वाटा द्या. मग आपल्या घरात लेकीला साडी देऊन गप्प बसवायचं, हे कुठलं न्यायाचं?

कायदा कुणाच्या बाजूने आहे, तेही ऐका. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क दिला, पण तो त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुलींना नव्हता. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभराचा कायदा बदलला आणि लग्न झालेल्या मुलींनाही तो हक्क मिळाला. त्या दिवशी वडील हयात असायला हवेत का, यावर बरीच वर्षं घोळ होता. ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं, की मुलीचा हक्क जन्मापासूनचा आहे, वडील तेव्हा हयात असोत वा नसोत. आणि मघाशी सांगितलेल्या २०१३ च्या भूसंपादन कायद्यात आणखी एक गोष्ट आहे. विधवा, घटस्फोटित आणि नवऱ्याने टाकलेली बाई हे स्वतंत्र कुटुंब धरायचं. म्हणजे पुनर्वसनाच्या यादीत तिचं नाव दिराच्या किंवा भावाच्या नावाखाली दडपता येत नाही. ही ओळ ज्यांच्या भागात आज रस्ते, धरणं, कॉरिडॉर येताहेत, त्या बायकांनी तर वहीत लिहून ठेवावी.

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६ ला चांदवडला बायकांचं मोठं अधिवेशन भरवलं होतं. पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ म्हणून गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपल्या बायकांच्या नावावर जमिनीचा तुकडा करून दिला. पुरुषांनी ठरवलं तर हे होऊ शकतं, याचा तो दाखला. आमच्या भागातही असे भाऊ आहेत, ज्यांनी प्लॉट विकल्यावर बहिणींना बोलावून त्यांचा हिस्सा दिला. त्यांचं माहेर तुटलं नाही. उलट त्या बहिणी भावाचं नाव काढतात.

मी भांडा असं सांगत नाही. हक्क सोडायचा की नाही, तो ज्याच्या-त्याच्या घरचा प्रश्न. एखादीची परिस्थिती चांगली असते, भाऊ गरीब असतो, ती आनंदाने सोडते. सोडू दे की! पण कागद वाचून, समजून सोडू दे. सहीच्या आधी कागद मागा. घरी आणा. मुलीला, सुनेला वाचायला सांगा. तालुक्याला विधी सेवा समिती असते, तिथे बायकांना मोफत सल्ला मिळतो. आपल्या घराचा सातबारा आणि आठ अ एकदा तरी डोळ्यांनी बघा. तुमचं नाव त्यावर कुठे आहे, आहे का, हे तरी माहीत असू दे. ग्रामपंचायतीत २०११ पासून निम्म्या जागा आपल्या आहेत. सरपंच ताईंनी ग्रामसभेत हा विषय एकदा काढला, तर निम्मं काम तिथेच होईल.

दिबांनी मंत्रिपद मिळवलं नाही. त्यांनी ‘आमचा वाटा कुठे आहे?’ एवढा एकच प्रश्न वर्षानुवर्षं, सभागृहात आणि रस्त्यावर, न थकता विचारला. तेवढ्याने कायदा हलला. आपल्याला मोर्चा काढायचा नाही, लाठी खायची नाही. पुढच्या वेळी “ताई, जरा सहीला ये” असा फोन आला, की शांतपणे एवढंच म्हणायचं आहे, “येते रे दादा. पण कागद आधी पाठव, मी वाचून येते.”